शुगरची गोळी चहात न टाकण्याबाबत

दिनांक : २३ एप्रिल २०२६, गुरुवार

प्रति,
मा. सहायक आयुक्त साहेब,
प्रभाग कार्यालय, शहाड विभाग.

अर्जदार : संचिता महेंद्र शिरसाट, नोंदणीकृत फार्मासिस्ट, शिरसाट मेडिकल, स्टेशनजवळ, शहाड.

विषय : घंटागाडीच्या भोंग्यावरून आजच्या आज "पांढऱ्या डबीतली शुगरची गोळी चहात टाकू नका" असे सांगण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने आज सकाळी आपल्या कार्यालयात हात जोडून केलेली तोंडी विनंती.
२) त्यावर आपले लिपिक श्री. संदेश यांचे तोंडी उत्तर : "मॅडम, लेखी आणा."

महोदय,

अर्जदार हा अर्ज आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून, मांडीवर पर्स आणि पर्सवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर वेडेवाकडे आले असल्यास ते भीतीमुळे आहे, त्यात कार्यालयाचा अनादर नाही.

१. शहाडमध्ये डॉक्टरकडे जायचे म्हणजे नंबर लावा, फी भरा, अर्धा दिवस घालवा. त्यामुळे माणूस आधी मेडिकलच्या काउंटरवर येतो. पोराचा ताप, सासऱ्यांचे बीपी, डॉक्टरांचे अक्षर, गोळी जेवणाआधी की नंतर, शेजारीण सांगते ते खरे की यूट्यूब सांगतो ते खरे, हा सगळा न्यायनिवाडा अर्जदाराच्या काउंटरवर होतो. कुणाला डॉक्टरकडे ढकलायचे आणि कुणाला नुसता धीर द्यायचा, हे अर्जदाराला कळते, असे लोक म्हणतात. अर्जदारालाही तसेच वाटत होते. आज सकाळपासून तसे वाटत नाही.

२. म्हाताऱ्या माणसांची बोटे आखडलेली असतात. पट्टीतली गोळी फोडता येत नाही म्हणून ती गोळी खातच नाहीत, आणि मुलांना सांगतात की खाल्ली. यावर अर्जदाराने एक तोडगा काढला होता. चहात साखरेऐवजी टाकायच्या गोड गोळ्यांची पांढरी डबी येते ना, वरून अंगठ्याने दाबले की खालून टक करून एकच गोळी पडते, तशा रिकाम्या डब्या अर्जदार जपून ठेवते. त्यात आजी-आजोबांच्या औषधाच्या गोळ्या फोडून भरून देते. हे नियमात बसत नाही, हे अर्जदाराला तेव्हाही माहीत होते. पण आजी दारातून आशीर्वाद देत गेल्या की नियम कुणाला आठवतो?

३. आता घोळ कुठे झाला ते. मधुमेहाच्या औषधाला आपल्याकडे सगळे "शुगरची गोळी" म्हणतात. चहात टाकायच्या गोड गोळीलाही सगळे "शुगरची गोळी"च म्हणतात. अर्जदाराने गेल्या सोमवारी एका आजींची मधुमेहाची गोळी त्या डबीत भरली आणि वर स्वतःच्या हाताने, ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिले : "शुगरची गोळी". शिक्षण बी.फार्म. आहे, आणि डोके त्या दिवशी कुठे गहाण टाकले होते, ते अर्जदाराला सांगता येत नाही.

४. आज सकाळी दारोदार पापड विकणाऱ्या रमाबाई दुकानात आल्या आणि काउंटरला धरून उभ्या राहिल्या. घामाने डबडबलेल्या, हात लटलट कापत होते. म्हणाल्या, "ऊन लागलं गं." अर्जदाराने बोटाला सुई टोचून साखर तपासली. रमाबाईंना मधुमेह नाही आणि रक्तातली साखर मात्र पार तळाला गेलेली. ताबडतोब साखरपाणी पाजले. काय खाल्ले विचारता म्हणाल्या, "काय नाय. चहाच झाला चार घरी. एका घरी साखर बंद केलीय, तर सुनेने डबीतनं टकटक दोन शुगरच्या गोळ्या टाकल्या. फिक्काच लागला, म्हणून मी आणखी एक मागून घेतली." महोदय, त्या वेळी अर्जदाराला आपल्या डब्या आठवल्या. औषध गोड नसते. चहा फिक्का लागतो, म्हणून माणूस आणखी टाकतो. रमाबाईंना रुग्णालयात ठेवले आहे, त्या शुद्धीवर आहेत. पण ते घर कुठले, हे त्यांना आठवत नाही. नदीकडच्या गल्ल्या, सगळ्या दारांना सारखीच तोरणे.

५. अर्जदाराने ज्यांना ज्यांना अशा डब्या दिल्या, त्या सगळ्यांच्या घरी धावत जाऊन डब्या परत घेतल्या. राहिल्या त्या सोमवारच्या आजी. त्या महिन्यातून एकदा येतात, नाव कधी विचारले नाही. त्या अर्जदाराला "बाय" म्हणतात, अर्जदार त्यांना "आजी". चिठ्ठीवरचे नाव वाचले होते, आठवत नाही, आणि चिठ्ठी आजींकडेच आहे. आठवते ते एवढेच, की गोळ्या पुढे करून त्या म्हणाल्या होत्या, "बाय, एवऱ्या फोरून दे, माजी बोटा वलत नाय." आणि जाताना वळून म्हणाल्या, "शुक्रवारी नातीचा साकरपुरा हाय. दोनशे मानूस येल चहाला."

६. शुक्रवार म्हणजे उद्या. ज्या घरात साखर बंद आहे, त्या घरात साखरपुडा आहे. पाहुण्यांत गरोदर बायका असतील, लहान मुले बशीतून चहा पितील. कुणी घामाघूम झाले तर लोक एप्रिलचा उकाडा म्हणतील, कुणी चक्कर येऊन पडले तर दृष्ट लागली म्हणतील. कुणाला साखर भरवायची आहे, हे त्या मांडवात कुणालाच कळणार नाही.

७. आपली घंटागाडी रोज प्रत्येक गल्लीत जाते आणि तिचा भोंगा सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून अर्जदार येथे आली. श्री. संदेश सज्जन आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले की भोंग्यावरून फक्त ओला कचरा आणि सुका कचरा एवढेच बोलता येते. मग थोडा विचार करून त्यांनी विचारले, "गोळी ओल्यात येते की सुक्यात?" अर्जदार रडू लागली. तेव्हा ते म्हणाले, "रडू नका मॅडम, लेखी द्या. आजच द्या, उद्या मी रजेवर आहे. साहेबांचा चहा झाला की आत नेतो."

तरी आपण कृपावंत होऊन

महोदय, वरील वाक्य अर्धे राहिले ते तसेच राहू द्यावे.

इतके लिहून होत असताना श्री. संदेश चहाचा ट्रे घेऊन आपल्या दालनातून बाहेर आले. ट्रेमध्ये रिकामा कप होता आणि कपाशेजारी पांढरी डबी होती. डबीवर अर्जदाराचे अक्षर होते. अर्जदाराने विचारले, ही कुठून आणलीत. ते हसत म्हणाले, "घरनं, सकाळी निघताना घेतली. आमच्या आजीची. साहेबांना वजन उतरवायचंय, रोज बिनसाखरेचा चहा मागतात. आज तीन टाकल्या, तरी म्हणाले फिक्काय." अर्जदाराने पुढचा प्रश्न विचारला. हो, उद्या त्यांच्याच बहिणीचा साखरपुडा आहे, रजा त्याचसाठी आहे. आजींचे नाव गंगुबाई.

श्री. संदेश यांनी सकाळची तोंडी विनंती नीट ऐकलीच नव्हती, ती आता ऐकली. त्यांनी घरी फोन केला आहे. मांडवातला चहा साखरेचाच होणार आहे, आणि गंगुबाईंना कुणी रागावू नये असे अर्जदाराने त्यांच्या सुनेला बजावले आहे. भोंग्याची परवानगी आता नको. विषय बदलला आहे. विषय आता आपण आहात.

आम्ही दालनात धावलो तेव्हा आपण मागच्या दाराने माजिवड्याच्या बैठकीला निघून गेला होता. आपला फोन बंद येतो. गाडीचे चालक मारुती यांचा फोन तासाभराने एकदाचा लागला. साहेब गाडीत घाम पुसत होते, एसी वाढव म्हणाले आणि वर सभागृहात गेले, असे ते म्हणतात. मारुतीने खालच्या टपरीवरून साखर घेतली आहे आणि ते सभागृहाच्या दारात पुडी घेऊन उभे आहेत. दारावरचे रखवालदार त्यांना आत सोडत नाहीत. म्हणतात, "बैठक चालू आहे, लेखी काय असेल तर दाखवा."

म्हणून या अर्जाचा फोटो श्री. संदेश आत्ता मारुतीच्या फोनवर पाठवत आहेत. रखवालदारसाहेब, आपले नाव अर्जदाराला माहीत नाही. वरचे काही वाचत बसू नका. हेच लेखी आहे. मारुतीला पुडीसकट आत सोडा. साहेब शुद्धीवर असतील तर साखर पाण्यात घालून पाजा, बोलत नसतील तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. बरे वाटते म्हणाले तरी घरी सोडू नका, रुग्णालयात न्या. त्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही.

आणि साहेब, हे आपल्या हाती पडले असेल, तर अर्जावर शेरा नंतर मारा, आधी साखर खा.

आपल्या फोनची वाट पाहत आपल्याच बाकावर बसलेली,
(सही) संचिता महेंद्र शिरसाट

सोबत : पांढरी डबी, एक. आत गोळ्या शिल्लक आहेत. कृपया चहाच्या ट्रेवर ठेवू नये.