अप्पांचा चाकू

केडगाव, रविवार संध्याकाळ

दादा आज अप्पांचा घडीचा चाकू घेऊन आला. "धार लावून दे," म्हणाला. चाकू गंजलेला, टोक मोडलेलं. रंगाचे डबे उघडले म्हणे या चाकूने! अप्पा त्यानेच बोरीची कलमं करायचे. शेवटच्या आजारात त्यांनी मागितला, तेव्हा हाच दादा म्हणाला होता, हरवला. जन्मदात्या बापाला खोटं!

तरी मी धार का लावत बसले? सांध्यात रॉकेल सोडलं, पॉलिश पेपरने गंज काढला, ओल्या दगडावर पातं घासलं. मोडकं टोक काही नीट होईना. राग वाढतच गेला.

"लई भारी! आण इकडं," दादा म्हणाला.

"अप्पांना हरवला का सांगितलंस?"

"टोक मोडलं हुतं. वरडले असते."

चाकू मिटून मी कपाटात ठेवला. तो चपला घालू लागला. जेवून जा, असं मी म्हटलं नाही.