गेरूच्या चार ओळी

बुधवार, दिवेलागण. खरवई.

भिंत कोरी झाली. मीच केली.

जुन्या शाळेच्या खोलीचं वाचनालय होतंय. माझ्या बायकोनं, मालतीनं, तिथंच मुलांना शिकवलं. फळ्याशेजारी तिनं गेरूनं स्वतःची कविता लिहिली होती, पाखरावरची, चारच ओळी. ती गेली, शाळा नव्या इमारतीत गेली, तरी दिवाळीआधी चुना मारताना गावकरी कुंचला त्या ओळींच्या कडेकडेनं फिरवायचे.

आणि मी काय केलं? रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून परवा ओळींवर वर्तमानपत्र चिकटवलं. कणकेची खळ करून. फक्त कडांना लावायची होती ना? सगळीकडे का फासली?

आज रंगारी म्हणाला, "काका, पेपर निघतच नव्हता, म्हनून पानी मारलं." कागदाबरोबर गेरूही निघाला. भिंतीवर उरला लालसर डाग.

वाचनालय बघणारी कुसुम मालतीचीच विद्यार्थिनी. मला हसवायला म्हणाली, "अण्णा, बाई असत्या ना, तर तुम्हाला अंगठे धरून उभं केलं असतं!" मी हसलो. मग तिनंच डोळ्यांना पदर लावला.

"तुम्हाला पाठ आहे की. पुन्हा लिहा तिथंच."

पाठ तर आहेच. पण 'पाखरू'चा शेवटचा उकार ती शेपटीसारखा लांब ओढायची, तो कसा ओढायचा? खळ कडांनाच लावली असती तर...

घरी येऊन पाटीवर लिहून पाहिलं. चारही ओळी बरोबर आल्या. अक्षर मात्र माझंच.