तेलाची बाटली कोणाच्या कपाटात ठेवावी

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही माझ्या डोक्याबद्दल शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे.

१. राहते घर मुलीला. मात्र गांजाच्या औषधाला कायद्याने परवानगी मिळेपर्यंत पुढची खोली आमच्या समितीच्या बैठकांसाठी मोकळी ठेवावी. कप ज्याचे त्याने विसळावेत.

२. शिवणयंत्र, कात्र्या व उरलेले हिरवे कापड समितीला. मोर्च्याचे सगळे फलक मी शिवले, त्यांवरचे पान धाकट्या दिरांनी रंगवले. बंदीमुळे खरे झाड त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, म्हणून अंगणातल्या पपईकडे बघून पान काढले. कित्येक वर्षे आम्ही पपईचे निशाण घेऊन सभागृहावर चालून जात होतो. बंदीच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या एकाही सदस्याच्या ते लक्षात आले नाही! ते निशाण बदलू नये.

३. बँकेतली ठेव नातीच्या उपचारांसाठी. तिला दिवसभर झटके येत. गांजाच्या तेलाचे थेंब सुरू केल्यापासून ती शाळेत जाते आणि मला उलट उत्तरे देते. ती ऐकताना मला फार आनंद होतो.

४. थोरल्या जाऊबाईंना काहीही नाही. त्यांनी आमच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, त्याही माझ्याच ओट्यावर बसून. वर म्हणाल्या, "घराची अब्रू चव्हाट्यावर आणलीस." साक्षीदाराला वारशात काही मिळत नाही असे वकील सांगतात, म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीला बोलावले आहे.

५. तेलाची बाटली माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असते. झडती आलीच तर मुलीऐवजी म्हातारीला धरतील, एवढाच विचार. विधेयक पुढच्या आठवड्यात मांडले जाईल; मंजूर होईपर्यंत मी टिकेन की नाही, सांगता येत नाही. मुलगी तुरुंगात गेली तर नातीकडे कोण बघेल, याची मला फार भीती वाटते. बेकायदा वस्तू मृत्युपत्रात लिहू नये, असे वकील म्हणाले. मी लिहिली आहे.

स्थळ: राहते घर, शिवणाची खोली.
दिनांक: विधेयकाच्या आधीचा सोमवार.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: थोरली जाऊ. (सही)
सहीखाली त्यांच्याच हाताने: "कलम पाच वाचलं. बाटली माझ्या कपाटात ठेव. विरोधात सह्या मी गोळा केल्यात, माझ्या घरी कोण झडती घेतंय? पोरीला थेंब किती द्यायचे, तेवढं आज मला दाखव."