डोळे लाइनीवर, कान लाथेवर

बाबा, तुमची कॅसेट मी शेवटी उघडली. पत्र्याच्या पेटीत, शिट्टी आणि नियमांच्या पुस्तकाखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली होती तुम्ही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या टॉवेलाची गाठ सोडायचा धीर मला झाला नव्हता. यंदा सोडावी लागली. नालवाडीच्या मैदानावरची फुटबॉल स्पर्धा मधली बरीच वर्षं बंद होती, ती पुन्हा सुरू झाली आहे. परवा रविवारी फायनल. जिंकणाऱ्याला जी ढाल मिळणार आहे तिला तुमचं नाव दिलं आहे. मला स्टेजवर बोलावलं आहे, दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. आणि लग्नात लावतात तसला मोठा पडदा लावून जुन्या सामन्याचं चित्रण दाखवायचं ठरतं आहे. जुन्या सामन्याचं चित्रण सगळ्या गावात एकच, ते कोणतं हे तुम्हाला सांगायला नको. काल वर्गात फळ्यावर साधी वजाबाकी दोनदा चुकले आणि मुली तोंडावर हात धरून हसल्या. गणिताची बाई वजाबाकी चुकते म्हटल्यावर हसणारच.

तुम्हाला आताचा फुटबॉल ओळखू येणार नाही. माझी मुलगी टीव्हीवर परदेशातले सामने बघते. गोल होतो, खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, आणि रेफ्री कानाला बोट लावून नुसता उभा. कुठल्याशा खोलीत बसलेली माणसं चित्र थांबवतात, त्यावर रेघा ओढतात, याचा खांदा पुढे की त्याचा गुडघा पुढे ते बघतात, आणि बऱ्याच वेळाने गोल पुसून टाकतात. नाचलेली माणसं खाली मान घालून परत येतात. तुम्ही असता तर खुर्चीतून उठून गेला असता. पण मागच्या आठवड्यात मुलगी सहज म्हणाली की आता बॉलच्या पोटातच यंत्र बसवतात. लाथ नेमकी कधी लागली ते यंत्र सांगतं, आणि पळणारा त्या क्षणी शेवटच्या बॅकच्या पुढे होता की मागे एवढंच बघून ऑफसाइड ठरवतात. मी हातातला कप ओट्यावर ठेवला. जे माझ्या कानात बसवायला तुम्ही दोन उन्हाळे घालवले, ते त्यांनी सरळ बॉलमध्ये बसवलं.

ते उन्हाळे अजून अंगाला आठवतात. नालवाडीच्या घरामागचं अंगण, समोर एका रेघेत ठेवलेल्या दोन बादल्या, आणि माझ्या पाठीमागे तुम्ही बॉल घेऊन. बादल्यांवरून नजर हलवायची नाही, लाथेचा आवाज आला की हात वर. "लाइनमनले दोन ठिकाणी पाहाता येत नाई," तुम्ही सांगत होतात, मैदानाच्या कडेने झेंडी घेऊन पळणाऱ्याचं काम शिकवताना. "पास मारणारा तिकडं, पळणारा इकडं. तू मान फिरवून पाह्यशील तवर पळणारा दोन पावलं पुढं गेला राहते, अन् तुले वाटते तो आधीच तिथं होता. म्हणून डोळे लाइनीवर, कान लाथेवर." कधी तुम्ही बूट घालून मारायचात, कधी अनवाणी, कधी बॉल हौदात बुडवून. प्रत्येकाचा आवाज वेगळा. आणि कधी नुसताच जमिनीवर पाय आपटायचात. एकदा मी फसले आणि वळून पाहिलं, तेव्हा असे ओरडलात की आई हातातलं टाकून बाहेर आली. "मागं काऊन पाह्यलं? मागं काय हाय? मीच हाय ना!" रात्री जेवताना मी तुमच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला झेंडी दिलीत. आईच्या ब्लाउजपीसचं पिवळं कापड, तिनेच शिवलेलं, आणि दांडा मोडक्या लाटण्याचा. तेवढी सुंदर वस्तू मला कोणी दिली नाही, लग्नातसुद्धा नाही.

मग ती फायनल. लहानसहान सामन्यांत मी दोन वर्षं झेंडी धरत होते, पण फायनलला मोठी माणसं असत. त्या दिवशी एक लाइनमन आलाच नाही, घरचं लग्न होतं म्हणे. तुम्ही मैदानातून चालत माझ्याकडे आलात आणि "चाल" इतकंच म्हणालात. मी वीस वर्षांची. सलवारीवर तुमचा काळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण मी बरी पळत होते. एका बाजूला अल्लीपूरची टीम, दुसरी वर्ध्याची. गोल कोणाचाच होत नव्हता.

शेवटची दहा मिनिटं. मी अल्लीपूरच्या हल्ल्याच्या बाजूला आहे. त्यांच्या गावाहून डफडेवाले आले आहेत आणि टीम पुढे सरकली की तेही लाइनीच्या बाहेरून, माझ्या पाठीशी, वाजवत पळतात. मधल्या रेषेजवळून पास येतो, त्यांचा उंच फॉरवर्ड शेवटच्या बॅकच्या मागून निघतो, एकटाच पुढे, आणि बॉल जाळ्यात. माझा हात वर. झेंडी वर. तुमची शिट्टी. गोल नाही. मग ढकलाढकली, आरडाओरड, कोणीतरी माझ्या अंगावर धावून येतं आणि तुम्ही मध्ये उभे राहता. सामना पेनल्टीवर गेला आणि अल्लीपूर हरलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही मोरीवर पाय धुतले, पाटावर बसलात आणि ताटाकडे न बघता मला विचारलंत, "लाथेचा आवाज आयकला होता ना तू?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत. "मग झालं," म्हणालात, आणि आईकडे ठेचा मागितला. त्यानंतर तो विषय तुम्ही घरात काढला नाही. गावाने मात्र सोडला नाही. 'बापलेकीचा ऑफसाइड' हे नाव पानठेल्यापासून तुमच्या ऑफिसापर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी तुम्हाला फायनलला शिट्टी दिली नाही, आणि नंतर कधीच दिली नाही. तरी दर वर्षी सकाळी तुम्ही मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला जात राहिलात, गुडघे चालले तोवर. कोणी टोमणा मारला तर तुमचं एकच उत्तर असायचं: "तिनं आवाज आयकला होता." मी पुन्हा झेंडी हातात घेतली नाही. अभ्यास आहे म्हटलं, मग नोकरी आहे म्हटलं. तुम्ही कारण विचारलं नाही.

आता तो उंच फॉरवर्ड स्पर्धेच्या कमिटीत आहे. केस पांढरे झाले, पोट सुटलं, पण चाल तीच, पुढे झुकलेली. ढालीला तुमचं नाव द्यायचं त्यानेच सुचवलं, हे ऐकून मला घरात लपून बसावंसं वाटलं. सोमवारी तो घरी आला. आईच्या पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, ते कॅसेट असंन तर द्या. मले राग नाई हो कोणाचा. पन अठ्ठावीस वर्सं झाले, एक डाव डोळ्यानं पाहू द्या. मी पुढं होतो का मागं, मलेच समजत नाई आता." कसं नाही म्हणणार? दोन दिवस देते-बघते करत काढले. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. बुधवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच कॅसेट घेऊन स्टुडिओत गेले.

त्या वेळी शूटिंग करणारे काकाच अजून तिथे बसतात. आता पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स. त्यांनी जुनं मशीन पुसून कॉम्प्युटरला जोडलं. अर्धी कॅसेट पाहुण्यांचे हार आणि भाषणं, कारण त्यांना बोलावलं होतं तेवढ्यासाठीच. पण पाहुणे गेल्यावर काका पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढले होते आणि शेवटची वीस मिनिटं तिथून घेतली होती. तो पास आला तिथे त्यांनी चित्र थांबवलं. "थांबवलं का हालते हे," म्हणत पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग त्यांनी फोटो कापायची स्टीलची फूटपट्टी घेतली आणि पेनल्टी बॉक्सची चुन्याची रेघ धरून तिरकी पडद्यावर ठेवली. त्या रेघा तुम्हीच मारलेल्या असणार. टीव्हीवरच्या खोलीत जे करतात तेच काकांनी केलं, फक्त वेळ कमी लागला. पट्टी शेवटच्या बॅकच्या पायावर होती आणि फॉरवर्ड पट्टीच्या अलीकडे. थोडाथोडका नाही, पाऊलभर मागे. गोल होता, बाबा. चांगला स्वच्छ गोल होता.

काकांनी चित्र पुढे सोडलं. कॅमेरा बॉलबरोबर जाळ्याकडे गेला, तिथून तुमच्यावर आला. तुमचा हात सेंटरकडे निघाला होता. गोल दिला होता तुम्ही! मग तुमची मान माझ्या बाजूला वळते, हात अर्ध्यावर थांबतो, खाली येतो, आणि शिट्टी. बघणारा काय म्हणेल? बापाने गोल दिला होता आणि पोरीची झेंडी बघून काढून घेतला. सगळं गाव जे म्हणत होतं तेच, आणि आता मोठ्या पडद्यावर, तुमच्या नावाच्या ढालीसमोर. मला घाम फुटला. काकांनी पंखा वाढवला.

लपवता आलं असतं. कॅसेट खराब निघाली म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण काल त्याला स्टुडिओत बोलावलं आणि दाखवलं. त्याने तीनदा बघितलं, फूटपट्टी स्वतः धरून बघितलं. "म्हंजे मागं होतो मी," इतकंच म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं आणि हसतही होता. मी म्हटलं, बाबांचा हात… तो म्हणाला, "मले माहीत हाय. तुमचे बाबा आलते ना माह्या घरी. मॅच झाल्याच्या चौथ्या दिवशी, एसटीनं." हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. "बाजीवर बसले अन् म्हणाले, मले गोल दिसला होता, माहा हात गेला होता सेंटरकडं. पन माह्या लाइनमननं लाथेचा आवाज आयकला होता, मी तिले घरी इचारलं. डोळ्यापेक्षा कान खरा. माफी मागाले नाई आलो, सांगाले आलो. इतकं बोलून गेले. असा रेफ्री पाह्यला नाई मी कुठं. म्हणून तर ढालीले नाव देल्लं."

तो पुढे म्हणाला, "चित्र दाखवाचं का नाई ते तुम्ही सांगा. दाखवलं तर मी माइकवर सांगतो लोकायले. पोरीनं आवाज आयकला होता, बापानं भरोसा ठेवला, कानाची चूक झाली, बस. आयकला होता ना ताई?"

कॉम्प्युटर चालूच होता. काकांनी आवाज बारीक केला होता तरी खोलीभर डफडी वाजत होती, इतकी की त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं. मैदानावरचं दुसरं काही त्या कॅसेटमध्ये ऐकू येत नाही. तुमची शिट्टीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "हो."

त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "मग झालं," म्हणाला, आणि चप्पल शोधायला लागला.

बाबा, मी तिथून घरी कशी आले मला माहीत नाही. आज सुट्टी टाकली आहे आणि दुपारपासून हे लिहिते आहे. आई मघाशी दारात येऊन उभी राहिली. "कोणाले लिहून राह्यली?" मी सांगितलं. "मंग पत्ता कोणता टाकशीन?" म्हणाली आणि हसून परत जाऊन पडली. पत्ता नाही, हे बरंच आहे. हे कागद त्या टॉवेलात बांधून ठेवीन.

एक गोष्ट लिहिता लिहिता कळली आणि हात थांबला. डफडी तुम्हालाही ऐकू येत होती. तुम्ही माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर होतात. माझ्या पाठीशी काय वाजतं आहे ते दिसत होतं तुम्हाला. मग पाटावर बसून तुम्ही मला ते विचारलंत काऊन? मी नाही म्हणावं म्हणून ना? आणि मी हो म्हटल्यावर तुम्ही तेच धरून बसलात, गावाशी, एसटीने अल्लीपूरला जाऊन, मरेपर्यंत.

परवा माइक आधी माझ्या हातात येणार आहे. चित्र दाखवा, असं मी आज फोन करून सांगितलं आहे. पुढचं वाक्य सकाळपासून आरशासमोर म्हणून बघते आहे आणि दर वेळी अर्ध्यावर सोडते. परवा निघेल की नाही, सांगता येत नाही. तुमच्यापुढे तरी लिहून टाकते.

आवाज आला नव्हता, बाबा. मी मागे वळून पाहिलं होतं.