सत्तेचाळीस नंबरचं कर्ज

९ ऑगस्ट
मुग्धा आली होती बाळकुमहून. जावईबापूंची, नीलेशची, नोकरी जाऊन दोन महिने झाले, घराचा हप्ता थकतोय, पन्नास हजार हवे होते. नाही म्हटलं. बँकेच्या कर्जखात्यात जन्म काढला. घरात कर्ज द्यायचं नाही हे तिथेच शिकलो. लेक आहे म्हणून नियम बदलत नाही. सौ. दिवसभर बोलली नाही. आमटीत मीठ नव्हतं.

१४ ऑगस्ट
लोकांनी लोकांना कर्ज द्यायच्या त्या अ‍ॅपवर आज चांगलं गिऱ्हाईक. बाई, वय ३२, ठाणे, खाजगी शाळेत शिक्षिका, व्याज तीस टक्के. नाव दाखवत नाहीत, मला लागतही नाही. एरवी पाच हजारांवर कोणाला देत नाही. हिला एकट्याने पूर्ण पन्नास. शीटमध्ये ४७ नं.

२ नोव्हेंबर
अ‍ॅप म्हणतं, तुमचा परतावा १७ टक्के. थापा. थकलेली कर्जं हिशेबात धरतच नाहीत. नापास पोरं वगळून शाळेचा निकाल लावायचा, तसं. माझी पद्धत: रुपया कधी गेला, कधी आला, तारखेनिशी. नव्वद दिवस थकलं की कर्ज शून्य, दयामाया नाही. उत्तर: ७.९.
प्रधानची एफडी ७.१. रोज फिरताना म्हणतो, तुझं ते अ‍ॅप बुडणार. त्याला छापूनच दाखवतो. ४७ वगळलं तर मात्र पाचच्या आत. एकट्या बाईने लाज राखली माझी.

३ नोव्हेंबर
प्रधानसाठी करारांच्या पीडीएफ काढल्या. पहिल्यांदाच उघडल्या. करारात नाव असतं.
४७ नं. म्हणजे मुग्धा.
पत्ता बाळकुमचाच. दोनदा वाचला.

४ नोव्हेंबर
सौ.ला सांगितलं नाही. ती म्हणेल, व्याज सोडा. सोडलं की एफडीच्या खाली. आणि मी कुठे फसवलं? सही तिने केली. हप्ता २,७९६, वेळेवर देते. माझ्याच वळणाची. लाज वाटते, नाही असं नाही. पण आकडा खरा आहे.

१२ जानेवारी
डिसेंबरचा हप्ता नाही, जानेवारीचा नाही. दुपारी वसुलीवाल्याचा फोन. मुग्धाने ओळखीचा म्हणून माझा नंबर दिलेला. "काका, मॅडम फोन उचलत नाहीत. शाळा कुठली त्यांची?"
सांगितली. सुटायची वेळही सांगितली. मग जेवलो, झोपलो.

१५ जानेवारी
दोन्ही हप्ते दंडासह जमा. परतावा ८.३. प्रधानने चहा पाजला.
सौ. रडत होती. कोणी माणूस शाळेच्या गेटवर आला, पालकांसमोर मुग्धाला वाट्टेल ते बोलला. जावईबापूंनी मोटारसायकल विकून पैसे भरले. मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत.

१८ जानेवारी
मुग्धा आली. आईला कोथिंबीर आणायला पाठवलं. बसली नाही.
"बाबा, कराराची प्रत मलापण येते. देणाऱ्याचं नाव असतं त्यात. पहिल्याच दिवशी वाचलेलं मी."
मी चष्मा काढून पुसला.
"मला वाटलं, तोंडावर नाही म्हणालात आणि मागून दिलेत. व्याजाचं म्हटलं, बाबांचा स्वभावच तो. नीलेशला किती कौतुकाने सांगितलेलं."
मग शांतपणे विचारलं, शाळेचं नाव त्या माणसाला कोणी दिलं. मी म्हणालो, मला काय माहीत. तिने मान डोलवली, चपला घातल्या. लिफ्टसाठी थांबली नाही, जिन्याने गेली. उठून मागे जावं असं वाटलं. गेलो नाही.
सौ. आली. मुग्धा न जेवता का गेली, विचारतेय. तिसऱ्यांदा विचारतेय.