नाव आणि इंजिन

७ जून १९९८, रविवार

कोठी विकली! बाबा सकाळी नेहमीसारखे किंग कोठी भागात, नवाबसाहेबांच्या बंगल्यावर कामाला गेले आणि तासाभरात परत. डबा न उघडलेला. बेगमसाहेबांनी स्वतः सांगितलं म्हणे — बिल्डरनं सही घेतली, तिथं सात मजले चढणार, त्या शिकागोला मुलाकडं जाणार.

"आन् गाडी?" आईनं विचारलं.

"ती पण. मुंबईहून पाहणीला माणूस येणार."

एवढंच बोलले आणि नळावर हात धुवत बसले. हाताला ग्रीस नव्हतंच. रविवारी ते फक्त गाडी पुसतात.

गाडी म्हणजे रोल्स-रॉइस. १९३६ ची, नवाबसाहेबांच्या वडिलांनी विलायतेहून मागवलेली. नवाबसाहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली, गाडी बाबांच्याच हाताखाली राहिली. अठ्ठावीस वर्षं! मी जन्मायच्या आधीपासून. बॉनेटची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला असते. आई चेष्टेनं म्हणते, माझ्या मंगळसूत्रापेक्षा तिची काळजी जास्त.

आज चेष्टा केली नाही.

१० जून

आबिड्सच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर नव्या गाड्यांच्या मालकांची नावं टाइप केली. आता सगळ्यांनाच गाड्या हव्यात. शेजारच्या टेबलावरची उषा म्हणते, तिचा भाऊ कोरियन गाडी बुक करून आला, नारायणगुड्यात त्यांच्या गल्लीत तिसरी!

घरी आले तर बाबा एकटेच बसलेले. म्हणून मीच विषय काढला, "बाबा, ती रॉइसची गोष्ट सांगा की."

लहानपणापासून ऐकलेली. तरी बाबांचा चेहरा उजळला. रॉइस गरिबाचा. नऊ वर्षांचा असताना बाप मेला. पेपर विकले, तारा वाटल्या, शाळा धड नाही. मोठा झाल्यावर एक फ्रेंच गाडी घेतली — ती इतकी खडखडायची की त्याला सहन होईना. तिची नक्कल नाही केली, तिचा एकेक दोष काढला आणि स्वतःची गाडी बनवली. उभी असली की चालू आहे का बंद, कळू नये! मग आला रोल्स. लॉर्डाचा पोरगा. त्यानं ती विकली, नाव केलं. पुढं विमान कोसळून मेला, बत्तिसाव्या वर्षी. पण पाटीवर पहिलं नाव त्याचंच.

"बनवणारा मागं," बाबा म्हणाले. "सर ही पदवी मिळाली तरी तो स्वतःला काय म्हणायचा? मेकॅनिक."

हे सगळं त्यांना नवाबसाहेबांनी सांगितलेलं. बाबा गाडीखाली आणि नवाबसाहेब फूटबोर्डवर बसून इंग्रजी पुस्तक उर्दूतून समजावताहेत. नांदेडकडून आलेला, चौथी शिकलेला महाराचा मुलगा! कोठीतले बाकीचे नोकर बाबांचा पेला वेगळा ठेवायचे. नवाबसाहेबांनी एकदा सगळ्यांसमोर त्याच पेल्यातून पाणी प्यायलं. बाबा ते कधी विसरले नाहीत.

२१ जून, रविवार



मुंबईचे साहेब आज येणार होते. बाबा म्हणाले, चल, शेवटची बघून घे. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पण रस्ताभर हात करगोट्याच्या किल्लीवर. मला वाटलं, वाईट वाटतंय.

पोर्चमध्ये गाडी. बेगमसाहेबा वेताच्या खुर्चीत, बाजूला त्यांचा भाचा. पाहणीवाले अविनाश साहेब मराठीच निघाले, पुण्याचे. त्यांनी बाबांना गाडी सुरू करायला सांगितली. बाबांनी केली. अविनाश साहेब मान तिरकी करून ऐकत राहिले. म्हणाले, "सुंदर. पण काहीतरी वेगळं आहे. बॉनेट उघडा."

बाबा हलले नाहीत. भाचा ओरडला, "क्या सुन रहे? खोलो!"

मग बाबांनी करगोट्याची किल्ली काढली.

अविनाश साहेबांनी आत बघितलं. हातातल्या कागदावरचा नंबर बघितला. परत आत. मग हळूच म्हणाले, "हे रोल्सचं इंजिन नाही. मोडीत निघालेल्या मिलिटरी ट्रकचं आहे."

 गाडी तशीच चालू होती. इतकी हळू की पोर्चमधल्या चिमण्या ऐकू येत होत्या.

"असली इंजिन किधर है?" भाच्यानं बाबांची कॉलर धरली. "कितने में बेचे?"

मी पुढं झाले. बाबांनी हातानं मला मागं ढकललं. बेगमसाहेबा उठल्या. मला वाटलं, आता भाच्याला थांबवतील. ज्यांच्या घरी बाबांनी जवानी घालवली, त्या! त्या बाबांकडं न बघता म्हणाल्या, "श्रीपती. नवाब साब तुमको भाई समझे. और तुम चोर निकले."

बाबांनी मान खाली घातली.  

भाचा म्हणाला पोलीस बोलावतो. त्या म्हणाल्या, "नक्को. घर की बात घर में रहने दो." किल्ली टेबलावर ठेवून बाबा निघाले.

फाटकाजवळ अविनाश साहेब मागून आले. विचारलं, "ट्रकचं इंजिन इतकं शांत कसं केलंत?" बाबा थांबले. वळून एकदा पोर्चमधल्या गाडीकडं बघितलं. मग चालायला लागले.

२२ जून

मी रात्रभर बाबांना विचारत राहिले. तुम्ही विकलं? नाही. मग कुणी? गप्प.

आई रडली, हात जोडले. बाबांनी तिचे हात खाली केले.

२८ जून

बातमी घरात कुठली राहते! भाच्यानंच पसरवली असणार. बेगम बाजारात बाबा सवयीनं नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, घ्यायला गेले होते — वीस वर्षं ज्या दुकानातून घेतात तिथं. दुकानदार म्हणाला, "क्या श्रीपती भाई, अब किसका इंजिन?" हसला म्हणे. बाबांनी घरी येऊन हे सांगितलंसुद्धा नाही. भामाकाकूंकडून कळलं. शेजारच्याच, त्यांना सगळं आधी कळतं.

५ जुलै

विहाराचे लोक आले होते. प्रकाशकाका पुढं, बाकीचे चपला काढतच राहिले. बाबांकडं विहाराची किल्ली असते. रोज पहाटे उघडतात, झाडतात, मूर्तीपुढं मेणबत्ती लावतात. बारा वर्षं.

प्रकाशकाका खूप वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "श्रीपतीदादा, आमचा तुमच्यावर भरवसा हाय. पण लोकं बोलतात. मिटंस्तोवर किल्ली आमच्याकडं ठिवू."

बाबांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली. वर म्हणाले, "उजवं दार जरा वर उचलून लावा. नाहीतर अडकतं."

९ जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास सुरू, आजपासून रोज विहारात वंदना. बाबा विहारात गेले नाहीत. घरीच वंदना म्हटली. 

२९ जुलै

आज सगळं कळलं. कसं कळलं ते नीट लिहून ठेवते.

ऑफिसातला इंग्रजी पेपर घरी आणला होता. आत बातमी — रोल्स-रॉइस कंपनी विकली! जर्मनीच्या दोन कंपन्या महिनोन्‌महिने भांडत होत्या. शेवटी कारखाना एकीला मिळाला आणि नाव दुसरीला. बाबांना वाचून, मराठीत करून सांगितलं. वाटलं, त्यांना आणखी एक धक्का बसेल.

ते हसायला लागले! पाच आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांत पाणी. "कारखाना एकाकडं, नाव दुसऱ्याकडं! अगं, आमच्या कोठीत हे शहात्तर सालीच झालं."

आणि मग बोलत सुटले.

शहात्तर साली नवाबसाहेब मलकपेटला रेसच्या घोड्यांवर पैसे हरत होते. घरातलं गुपचूप एकेक जात होतं. बेगमसाहेबा गुलबर्ग्याला उरुसाला गेल्या होत्या. एक परदेशी माणूस आला, त्याला त्याच मॉडेलचं इंजिन हवं होतं. नवाबसाहेबांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "श्रीपती, गाड़ी गई तो शहर हँसेगा. इंजिन गया तो कौन देखता? कुलसुम को मालूम नहीं होना. कभी नहीं." कुलसुम म्हणजे बेगमसाहेबा. आणि रडले. बाबांसमोर नवाब रडला!

आठ दिवसांत बाबांनी इंजिन काढून दिलं आणि ट्रकचं बसवलं. पहिल्यांदा गाडी नुसती थडथडायची. मग बाबांनी तिच्यामागं दोन वर्षं घातली. इंजिनाखाली नमदा, रबर, पुन्हा नमदा. सायलेन्सर सहा वेळा बदलला. पंख्याची पाती हातानं घासली. शेवटी एक दिवस नवाबसाहेब आत बसले आणि म्हणाले, "चालू करो ना." गाडी चालूच होती.

"रॉइसला निदान चांगलं पोलाद होतं," बाबा म्हणाले. मग लाजले, मोठं बोललो म्हणून.

माझ्या बापानं केवढं काम केलंय! आणि ते चोरी म्हणून नोंदलं गेलं.

३० जुलै

भांडण झालं. मी म्हटलं, मी जाते आणि बेगमसाहेबांना सांगते. नवाबसाहेब गेले, आता कसला शब्द?

"ते असते तर त्यांना म्हणलो असतो, मला मोकळं करा. आता कुणाकडून मोकळा होऊ?"

"आणि आमचं काय? आईला नळावर बायका काय बोलतात, माहितीये?"

ते म्हणाले, "रूपाली, त्या बाईकडं दुसरं काय राहिलंय? कोठी गेली, गाडी गेली. नवरा चांगला होता एवढं तरी राहू दे."

मला शपथ घ्यायला सांगितली. मी घेतली नाही. पण गेलेही नाही.

१५ ऑगस्ट

गाडी गेली. बिल्डरनंच ठेवून घेतली, नव्या हॉटेलाच्या दारात उभी करणार म्हणे. आत काय आहे, कोण बघतो! लॉरीवर चढवून नेली. बाबा समोरच्या इराणी हॉटेलात उभे राहून बघत होते. मला न सांगता गेलेले. प्रकाशकाकांनी पाहिलं आणि हाताला धरून घरी आणलं.

"बांधायचं चुकलं त्यांचं," एवढंच म्हणाले. "मागचा दोर ढिला होता."

२ सप्टेंबर

बाबा जेवत नाहीत. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, विश्रांती द्या. विश्रांतीच तर चाललीय जूनपासून!

१३ सप्टेंबर

बाबा गेले. काल सकाळी. आईनं चहा ठेवला होता, हाक मारली, उठले नाहीत.

२० सप्टेंबर

माणसं येतात, बसतात, जातात. प्रकाशकाका खूप रडले. विहाराची किल्ली घेऊन आले होते, आईपुढं ठेवली. आईनं हात लावला नाही. "ज्याला परत द्यायची त्याला दिली नाही," म्हणाली. माझी आई, जी कुणाला उलट बोलत नाही!

भामाकाकू ओट्यावर कुणाला तरी सांगत होत्या, "चांगला होता बिचारा. ते एक सोडलं तर."

ते एक सोडलं तर.

बाबांनी शब्द दिला होता. मी नाही दिला. बेगमसाहेबा एक तारखेच्या आत जाणार आहेत. त्यांच्या विमानाआधी मी जाणार.

२८ सप्टेंबर

जाऊन आले. पेट्या भरलेल्या, भिंती उघड्या. त्यांनी मला समोर बसवलं. मी घोडे, परदेशी माणूस, गुलबर्गा, सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "हमको मालूम था बेटी. गुलबर्गे से आई, गाड़ी में बैठी, उसी दिन."

बावीस वर्षं!

"मग माझ्या बापाला चोर का म्हणालात?"

"नवाब साब तो गुज़र गए थे. उनकी इज़्ज़त कौन सँभालता? श्रीपती ज़िंदा था. वो सह लेता, मालूम था हमको."

आता तेही जिवंत नाहीत. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, सगळी वस्ती विहारात असेल. वंदना झाली की मी उभी राहणार आणि इंजिन कुणी विकलं ते सांगणार. नवाबाच्या नावासकट.