हुद्द्याची दुरुस्ती

दादा,

हे पत्र छावणीत पाठवता येणार नाही, कारण तिथे ते तुझ्याआधी दुसरेच वाचतील.

मदतसंस्थेच्या युद्धकैद्यांच्या यादीत तुझ्या नावापुढे 'शिपाई' लिहिलं होतं. बाबांनी आपल्याला घरीच शिकवलं, की दिसलेली चूक सोडणं हीदेखील चूकच. म्हणून तर तू मला लाल शाई म्हणायचास. मी लगेच कळवलं, की माझा भाऊ लेफ्टनंट आहे. वर तुझा गणवेशातला फोटो जोडला.

काल तुझ्या तुकडीतला स्वयंपाकी घरी आला. जखमी म्हणून त्याला आधी सोडलं. म्हणाला, "ताई, पकडायच्या आधी साहेबांनी खांद्यावरचे तारे उपटून चिखलात पुरले. अधिकाऱ्यांना वेगळं नेतात ना. म्हणाले, पोरांना टाकून कुठे जाऊ? आता आमच्यात बटाटे सोलतात. सालीबरोबर अर्धा बटाटा घालवतात, मग पोरं बोलणारच."

तो हसला. मला हसता आलं नाही.

आज संस्थेचा फॉर्म आला: 'पलीकडच्या सैन्याला कळवण्यापूर्वी हुद्द्याची खात्री करावी.' म्हणजे अजून कळवलेलं नाही. दिवसभर तो कागद पुढ्यात घेऊन बसले. फार थकले रे.

शेवटी लिहिलं: हुद्दा, शिपाई. फोटो चुलतभावाचा, चुकून जोडला गेला. खाली सही केली.

बाबांनी विचारलं, "नीट तपासलास ना?"

"दोनदा," मी म्हटलं.

साल पातळ काढायला शीक.

तुझी,
लाल शाई